कोरड्या हातानं चोळलेला हुरडा

आत्याबाय, मी हाय. तुमची सून. माजा आवाज तुमी मेल्यावर तरी इसरला आसाल तर बरं, जित्तेपनी लई कावला हुता त्याला. ह्यो कागद माज्या नातीच्या वहीतला हाय, रेघा आखलेला, म्हनून अक्षार सरळ दिसतंय. न्हायतर चौथीत शाळा सुटली त्यावर म्या सहीबिगर काय लिवलेलं न्हाय. दुपार हाय. सोलापुरात ल्योकाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी येकटीच, डोक्यावर पंखा फिरतोय, खाली भंगारवाला वरडतोय. काल वन्सं गेल्या. तुमची लेक. आठ दिस माज्याकडं हुत्या, मोतीबिंदू काडाय. व्हय, तुमची लेक, माज्या घरात, माज्या हातचं खाऊन. तुमी आसता तर म्हनला आसता, मला फसवतीस व्हय गं. फसवत न्हाय. फसवायचं त्ये लई मागं फसवलं, त्येच लिवाय बसले. येकच सांगायचंय, आन त्ये पयलंच सांगून टाकते, न्हायतर हिकडचं तिकडचं बोलत बसीन आन कागद सरंल. तुमच्या नातीला तुमचं दही बादलं न्हाय. माजा हात बादला. आन ह्ये मला तवाच म्हाईत हुतं.

सांगायचं तर हुरड्यापासनं सांगाय पायजे, कारन हुरडा चोळाय मला तुमीच शिकीवला. मी नांदाय आले त्या साली आपल्या वस्तीवर बांदापलीकडं खड्डा खनून गवऱ्यांची आगटी पेटीवली हुती. शाळूची हिरवी कनसं निखाऱ्यात खुपसलेली, समदी गोल करून बसलेली. मला हौस लई. म्या घागरीत हात बुचकाळलं, पदराला पुसलं न पुसलं आन कनीस उचाललं. तुमी माज्या मनगटावर चापट मारली. "आगं ये, वल्लं हात कुनी लावतं का हुरड्याला? वल्ल्या तळव्याला दाना चिकटतो, कूस चिकटतं, आन वाफ धरून कातडं जातंय त्ये येगळंच. कोरडा खडखडीत हात पायजे. आईनं काय शिकीवलं न्हाय व्हय?" म्या म्हनलं, "शिकीवलं की. सासू माराय लागली की हात मागं घ्यायचा म्हनून." समदी हसली. तुमी बी पदर तोंडाला लावून हसला, मी बगितलं. पन ती चापट डोक्यात बसली ती बसलीच. आगटीपशी जायचं तर हात वल्लं करायचं न्हाईत. म्होरल्या चार-पाच सालांत माजं तळवं आसं निबर झालं की निखाऱ्यातनं काडलेलं कनीस म्या फुकत बी न्हवते, तसंच चोळायची. भावकीतली मानसं तुमच्या तोंडावर म्हनायची, हुरडा खावा तर तुमच्या सुनंच्या हातचा. तुमाला त्येचा राग यायचा का हो? यीत आसंल. पन दह्याचं कौतुक तुमचं आन हुरड्याचं माजं, आशी वाटनी झाली हुती आपली, आन ती मला पटली हुती.

तुमचं दही म्हंजी दुदनी गावचं दही. इरजन तुमी माहेरास्नं आनलेलं, त्या कानडी मुलखातनं, आन त्याला तुमी शेवटपतुर मोसरूच म्हनायचा. दुष्काळात गुरं छावनीत गेली ती गोठ्यात माघारी आली न्हाईत, तवा बी तुमी त्ये मरू दिलं न्हाय. वाटीभर दूद कुनाच्यातनं तरी मागून आनायचा, कवा शेळीचं, कवा नुसतं पान्यावानी, आन त्या गाडग्यात घालून त्येला जित्तं ठिवायचा. आमाला च्याला दूद न्हवतं आन तुमच्या गाडग्याला हुतं. म्या इचारायची, "आत्याबाय, ह्ये लेकरू चालाय कवा लागंल?" तुमी म्हनायचा, "तुज्या आदी बोलाय लागू नी म्हंजी झालं." आन हात धुवायचं तर याडच तुमाला. गोठ्यातनं आला की चुलीतली राख घिऊन कोपरापतुर घासायचा, नखं घासायचा, मगच भांड्याला शिवायचा. म्या चिडवायची, "येवडं घासू नगा, नशिबाच्या रेघा पुसतील." "पुसू दे. तसंबी तू आलीस तवाच वाकड्या झाल्यात." आख्ख्या वस्तीवर तुमच्यावानी सोच्छ हात कुनाचं न्हवतं. ह्ये मला म्हाईत हुतं, वन्संला म्हाईत हुतं, समद्यांना म्हाईत हुतं. तरी बी मानसं जे म्हनायचं त्येच म्हनली.

दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या साली तुमच्या लेकानं करमाळ्याच्या बाजारातनं तांबडी गाय आनली, गाभन. ती याली, कालवड झाली. कालवड तीन आठवड्यांची झाली आन तिला हगवन लागली. आदी पिवळी, मग घान वासाची, मग रगताचं धागं. तुमी तवा नातेपुत्याला गेला हुता, वन्संला आन त्येंच्या पोरीला हुरड्याला आनाय. तुमच्या लेकानं तालुक्याला जाऊन गुरांच्या डाक्टरला सांगितलं, आन दुसऱ्या दिवशी डाक्टर सायकल दामटत वस्तीवर आला. तुमचा ल्योक रानात. घरात मी येकटी. डाक्टर बारका, चष्मेवाला, चेनीत आडकू नी म्हनून प्यांटीला दोरी बांदलेली. म्या मनात म्हनलं, ह्यो डाक्टर हाय का पतंग. त्येनं कालवडीचं डोळं बगितलं, जीब बगितली, शेपटी वर करून बगितलं, गोळ्या दिल्या. आठ दिस, दोन येळ, मदी थांबवायचं न्हाय. मग हात धुवाय पानी मागितलं आन पिशवीतनं सोताचा साबन काडला. मला हसू आलं. त्येनं हात धुता धुता सांगितलं, मला आजून शबूद न् शबूद आटवतोय. "बाई, हिच्या आतड्यात वाईट जंतू झालेत. हिला वेगळी बांधा. गाय तुम्हाला चांगली दिसते, पण तिच्याही शेणात ते असू शकतात. ह्यांना हात लावला की दर वेळी साबण लावून हात धुवायचे. नुसतं पाणी नाही, नुसती माती नाही. हे जंतू माणसालाही होतात. लहान पोरांना तर फार लवकर."

म्या म्हनलं, "कालवडीच्या पोटातलं आमच्या पोटात कसं यील, सायेब? आमी काय शेन खातो व्हय?"

त्यो हसला न्हाय. चष्मा पुसत म्हनला, "नकळत खाता, बाई. हाताला लागतं, हातावरून घासात जातं. दूधही उकळल्याशिवाय पिऊ नका."

त्यो गेला. सांजच्याला तुमचा ल्योक जेवाय बसला आन म्या दोन बोटांचं गोल करून डोळ्यांवर चष्मा लावला, लुगड्याला दोरी बांदली, आन चुलीम्होरं उभी ऱ्हाऊन नक्कल केली. "नकळत खाता, बाई!" तुमचा ल्योक आसा हसला की घास आडाकला. पानी पिऊन म्हनला, "परत कर." म्या परत केली. तीनदा केली. दोन दिस मी साबन लावला बी. न्हानीत खापराच्या तुकड्यावर आंगाचा साबन आसायचा, त्यो लावायची आन लावताना "नकळत, नकळत" म्हनायची.

तिसऱ्या दिवशी तुमी आला. वन्सं आल्या. पोरगी आली, सा वरसाची, केसाला लाल फीत, गाडीतनं उतरायच्या आदीच "मामी, मामी" चाललेलं. मी पुडं जाऊन म्हनलं, "ही कोन बाई? हिला आमी वळखत न्हाय." ती कमरंवर हात ठिवून म्हनली, "मी तुजी सासू हाय. पानी आन." तुमाला लई हसू आलं हुतं. मग तुमी राख घिऊन हात घासलं आन गोठ्यात डोकावला. "कालवड कोपऱ्यात का गं बांदली?" म्या म्हनलं, "जरा पोटानं ढिली हाय. औशीद चालू हाय." तेवडंच. डाक्टर काय म्हनला त्ये सांगितलं न्हाय. का सांगितलं न्हाय, ह्येच्यावर म्या लई सालं इचार केलाय. इसरले न्हवते. सांगितलं आसतं तर तुमी लगीच म्हनला आसता, घरात पोर आलीया, गोठ्यात रोग हाय, हुरडा ऱ्हाऊ दे औंदा. आन मला हुरडा पायजे हुता. वरसातनं येक दिस समदी मानसं माज्या हाताकडं बगायची. त्यो दिस मला सोडायचा न्हवता. दुसरं कायबी कारन न्हाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आगटी पेटली. भावकीतली धा-बारा मानसं. तुमी दह्याचं गाडगं फडक्यात बांदून डोक्यावर आनलं, शेंगदान्याची चटनी, गूळ. कनसं निखाऱ्यात गेली आन मला आटवलं, कालवडीची गोळी ऱ्हायली. मी पळत गोठ्यात. तिचं तोंड उगडून गोळी नरड्यात सारली, बोटं तिच्या जिबंवर, आन तिनं हगवनीनं भरलेली शेपटी मारली ती माज्या दोन्ही हातांवर. म्या कडब्यानं हात पुसलं. मग खाली वाकून मातीनं चोळलं. कोरडं खडखडीत झालं, बगाय गेलं तर काय दिसत बी न्हवतं. न्हानी समोरच. मी दारापतुर गेले. साबन दिसत हुता मला. तेवड्यात बांदापलीकडनं हाक आली, "आगं ये, कनसं करपाय लागली की! कुटं बसलीस?" आन माज्या मनात आलं, हात धुवून गेलं तर चोळू कशी? सुकंस्तवर बसाय लागंल, कनसं जळतील. आन वल्लं हात घिऊन गेलं तर तुमीच म्हनाल, सरक मागं. शिवाय कनीस इस्तवातनं आलेलं, चटका बसतोय येवडं गरम, त्येच्याम्होरं त्यो जंतू काय टिकतोय. येवडा समदा इचार करायला डोळ्याची पापनी लवाय लागती तेवडाच येळ लागला, आन मी माघारी फिरले. कनीस गरम आसतंय, आत्याबाय. पन चोळून, फुकून, दाना तोंडात जाईस्तवर त्यो माज्या तळव्यावरच बसलेला आसतोय. ह्ये मला नंतर सुचलं.

पोरगी माज्या मांडीला टेकून बसली. दुसरं कुनी चोळून दिलं तर घ्यायची न्हाय. "त्यात कूस येतंय. मामी, मला तुज्या हातचा." मी तिच्या तळहातावर टाकाय गेले तर म्हनली, "हितं न्हाय, तुज्या हातातनंच," आन कोकरावानी तोंड लावून माज्या तळव्यातनं खायाय लागली. तिचं वट माज्या हाताला लागत हुतं, गुदगुल्या हुत हुत्या, मी हसत हुते. तुमी म्हनला, "आगं, तडस लागंल पोराला. जरा दही घे गं माजे बाय." आन दोन चमचं दही तुमी तिला भरीवलं. दोनच. तुमी सोता हुरडा खाल्ला न्हाय, तुमच्या दातांना दाना झेपत न्हवता. तुमी दही-भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सांजच्यापतुर आमच्या चौघापाचांची पोटं बिगडली. माजं बी. तुमचं न्हाय. आत्याबाय, पोटभर दही खाल्लेल्या तुमी धड हुता. ह्ये कुनाच्या ध्यानात आलं न्हाय. माज्या आलं.

आमी मोटी मानसं येक-दोन दिसांत उटून कामाला लागलो. पोरगी उटली न्हाय. ताप, वांत्या. तुमी जायफळ उगाळून दिलं, डाळिंबाची साल उकळून दिली, मांडीवर घिऊन बसला. तिसऱ्या दिवशी रगत पडाय लागलं तवा सकाळच्या यस्टीनं तुमी, वन्सं आन तुमचा ल्योक तिला घिऊन सोलापूरच्या मोट्या दवाखान्यात गेला. गुरांकडं कुनीतरी पायजे म्हनून मी घरी. जाताना पोरगीनं माज्याकडं बगितलं न्हाय, तिचं डोळं आत गेलं हुतं. मी शेन काडलं, झाडलोट केली, कालवडीला गोळी दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची शेवटची गोळी देत हुते, तवा तुमचा ल्योक येकटाच माघारी आला. गोठ्याच्या दारात उभा ऱ्हायला. माजी बोटं कालवडीच्या तोंडात. पोरगी गेली, आसं त्येनं म्हनलं न्हाय. त्येनं म्हनलं, "हात धू." मग न्हानीतनं साबन घिऊन आला, तांब्या घिऊन आला, आन सोता माज्या हातावर पानी वतत ऱ्हायला. मी धुवत ऱ्हायले. लई येळ. त्येवर आमी दोघं त्या गोष्टीवर कवाच बोललो न्हाय. त्येनं परत कवा डाक्टरची नक्कल कर म्हनलं न्हाय. त्यो आता तुमच्यापशीच हाय. त्येनं तुमाला सांगून टाकलं आसंल तर माजा ह्यो कागद फुकाट गेला म्हनायचा. कालवड वाचली. चांगली गाय झाली. तुमीच तिला वाडवली.

दह्याचं कुटनं निगालं त्ये मला वन्सं काल-परवा बोलल्या तवा कळलं. दवाखान्यात शेजारच्या खाटंवरच्या बाईनं इचारलं, पोरीनं काय खाल्लं हुतं, आन दही म्हनल्याबरुबर ती म्हनली, मग दहीच बादलं, उगडं ऱ्हायलं आसंल. तुमी तितंच हुता. तुमीच म्हनला, "दही माज्या हातचं." सोलापूरपासनं आपल्या वस्तीपतुर यीस्तवर त्या दह्यात पाल पडली. कुनी तर शेपूट बी बगितली. तुमी माघारी आला, गाडगं उचाललं आन उकिरड्यावर नेऊन पालतं घातलं. दुष्काळात जगवलेलं इरजन. मी परसदारी झाडू घिऊन उभी हुते. मला म्हनता आलं आसतं, आत्याबाय, थांबा. येक शबूद. मी झाडाय लागले. मग तुमी घरात येऊन चुलीम्होरला पाट उचलून भिताडाला लावला आन मला म्हनला, "आजपासनं तू बग. साकू." साकू म्हंजी पुरं झालं, तेवडं कानडी मला यीत हुतं. आठ सालं त्या चुलीची वाट बगत हुते मी. त्या दिवशी भाजीत मीठ माज्या मनापरमानं घातलं. कुनी काय म्हनलं न्हाय.

वन्संनी माहेर सोडलं. आईच्या हातचं पानी बी नगं, आसा निरोप आला. भाऊबिजंला तुमचा ल्योक नातेपुत्याला जायचा. तुमी त्येच्यासंगं डबा द्यायचा, शेवया, कुरड्या, सोता वाळवलेल्या. डबा तसाच माघारी यायचा. तुमी उगडून न बगता मला द्यायचा, "पोरांना घाल." आमी खाल्ल्या त्या शेवया. चांगल्या हुत्या. आन तुमी हात आनी जास्ती घासाय लागला, राखंनं, विटकरीच्या चुऱ्यानं, बोटांच्या पेरांना चिरा पडस्तवर. म्या आता रेघांची थट्टा करत न्हवते. कवातरी दुपारी आपुन दोघी जवारी पाखडत बसलोय, आन तुमी मदीच हात थांबवून इचारताय, "पोरी, त्या दिशी गाडग्यावर फडकं हुतं का गं? तुला आटवतंय का?"

"हुतं, आत्याबाय."

"घट बांदलं हुतं?"

"गाठ मारली हुती की तुमी. मी बगितली."

"मग?"

"मग काय."

तुमी परत पाखडाय लागताय. आसं महिन्यातनं येकदा, दोनदा, सालं न् सालं. मरायच्या आदल्या दिशी बी इचारलंत. फडकं हुतं का. म्या म्हनलं, हुतं. तेवडं खरं म्या दर येळी सांगितलं, त्येच्या म्होरचं येकदा बी न्हाय. वन्सं तुमच्या मातीला आल्या, लांब उभ्या ऱ्हायल्या, धाव्या दिवसाला आल्या न्हाईत.

आता ह्या आठ दिसांचं. तुमचा ल्योक गेल्यावर त्येंचं माज्याकडं येनंजानं हळूहळू सुरू झालं, माज्यावर त्येंचा राग न्हवताच. डोळ्याला पट्टी बांदून त्या सैपाकघरात माज्यापशी खाली बसायच्या. म्या म्हनायची, "आता येकच डोळा हाय, माजं आर्दंच वंगाळ दिसंल तुमाला." परवाच्या आदल्या दिशी लसूण सोलता सोलता त्या सोताहून म्हनल्या, "वैनी, आई मुद्दाम थोडंच करंल. पन झाकाय नगं हुतं का गं दही?" आन म्या सांगितलं. पळीबिळी खाली ठिवली, त्येंच्यासमोर मांडी घातली आन समदं सांगितलं. डाक्टर, साबन, कालवडीचं तोंड, शेपटी, माती, न्हानीचं दार. दह्यावर फडकं हुतं, वन्सं, घट बांदलेलं. तुमच्या आईनं काय केलं न्हाय. पोरीनं माज्या हातातनं खाल्लं.

त्येंनी आयकून घेतलं. लसणीची पाकळी बोटात तशीच. मला वाटलं आता ह्या उटतील, ताट भिरकावतील, माज्या तोंडावर थुकतील, आन तसं झालं आसतं तर बरं झालं आसतं. त्या म्हनल्या, "वैनी, तुजं कसं हाय बग. म्हातारी झालीस पन थट्टा सोडली न्हाईस, तशी आईची बाजू बी सोडली न्हाईस."

"थट्टा न्हाय, वन्सं."

"गप बस. मला तू म्हाईत न्हाईस व्हय? माज्या लग्नात पावन्यांना सांगितलंस, नवरी मुकी हाय, फकस्त मानंनं बोलती म्हनून. तोंड आसंच गंबीर केलं हुतंस. माजी सासू रडाय लागली हुती."

"त्ये येगळं. ह्ये खरं हाय. कालवडीला जंतू हुता, डाक्टर म्हनला हुता."

"आसंल की जंतू. गुराला काय हुतंय त्ये मानसाला हुतंय का कुटं? आईच्या डोक्यावरचं तू उचलून सोताच्या डोक्यावर घेतीयास. आईनं तुला लेकीवानी ठिवलं, म्हनून." आन त्या रडाय लागल्या, येका डोळ्यानं. म्या म्हनलं, "आवो, रडू नगा, डोळा फुकाट जाईल." त्या रडता रडता हसल्या आन माजा हात धरला. "तू लई मोट्या मनाची हायस, वैनी. तुज्यासाटी म्हनून सोडते मी आईवरचा राग. आता मनात काय ठिवत न्हाय." इतक्या सालांनी, आत्याबाय, तुमच्या लेकीनं तुमाला माफ केलं. पन खरं कळून न्हाय. माज्यासाटी.

परत सांगता आलं आसतं. नातीच्या आनाभाका घेता आल्या आसत्या. डाक्टरची नक्कल करून दावता आली आसती, जशीच्या तशी, मग तरी पटलं आसतं. म्या त्येंना च्या करून दिला. ह्यो कागद त्येंना दावला तर म्हनतील, बगा, लिवून बी थट्टा करती. पोष्टात टाकला तर तुमचा पत्ता काय घालू, आन तिकडं वाचून कोन दील तुमाला, तुमाला तर वाचाय बी यीत न्हाय. ल्योक-सून यीस्तवर घडी घालून पातळांच्या खाली सारते, मी गेल्यावर पातळांसंगं जाईल कुटं जायचा त्यो.

येक ऱ्हायलं. त्येंनी मला मोट्या मनाची म्हनलं ना, त्ये मला पटलं. दोन दिस मी ह्या घरात तशीच वावरले, मोट्या मनाची म्हनून, वन्संला माज्या बिछान्यावर बसवून, पाय दाबून देत. काल त्येंना यस्टीत बसवून आले. आजून बी जरा तसंच वाटतंय.